तळ्याची कड मोकळी करू नका

तळ्याचं सुशोभीकरण म्हणजे काठाला दगडी भिंत आणि पाणगवत साफ! मी भंडाऱ्याची, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या जिल्ह्यातली. हे पाहून जीव तुटतो. अर्ल वर्नर आणि सहकाऱ्यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचावा. अमेरिकेत त्यांनी एक तळं मधोमध विभागलं, एका भागात शिकारी बास मासे सोडले. तिथली ब्लूगिल माशांची लहान पिल्लं गवतातच दडून राहिली. बाहेर खाणं जास्त होतं, तरीही. त्यांची वाढ मंदावली. बासला गिळता न येणारे मोठे ब्लूगिल मात्र मोकळ्यावर चरत होते. जलपर्णी जरूर काढा. पण पिल्लांचा आसरा उपटू नका. आमच्या ढिवर मच्छीमार बांधवांनी काही तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. निविदा काढण्याआधी त्यांना विचारा.