हीटर कशाला हवा, ताई?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. संस्थेच्या जुन्या गाडीत आम्ही दोघी कार्यकर्त्या, आणि नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली एक बाई व तिची दोन लेकरे. आंबा घाटात पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि पुढची काच आतून धुरकट झाली. पुसली की पुन्हा तशीच, वर हाताला चिकट लागणारी. गाडीत गोडसर वास येत होता. पुढे बसलेल्या बाईंचे पाय ओले झाले होते. शेवटी खिडकीतून डोके बाहेर काढून, पहिल्या गिअरमध्ये घाट चढलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठले. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या एकमेकींना जोडल्या आणि माझ्या पुतण्याला म्हणाले, "हीटर लीक होता, बायपास केलाय." मी विचारले, "म्हणजे हीटर बंद?" तर हसून म्हणाले, "आपल्याकडे हीटर कशाला हवा, ताई?" गाडी संस्थेची, चालवते मी, बिल देणार मी. पुतण्याला तर अजून गाडी चालवताही येत नाही.

मैत्रिणींनो, प्रश्न मिस्त्रींच्या स्वभावाचा नाही. कामाला ते चोख आहेत. आणि बायपास तात्पुरता उपाय म्हणून ठीकच आहे, त्याने गळती थांबते. पण आमची गरज काय, हे आम्हाला न विचारता ठरले. आमच्या गाडीचा एसी केव्हाच बंद पडला आहे. पावसाळ्यात रात्रीच्या घाटात काचेवरची वाफ जाते ती हीटरच्या गरम हवेने. रात्री-अपरात्री बायकांना घेऊन फिरणारीला तो चैनीचा वाटत नाही. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, हेसुद्धा आपल्याला न विचारता असेच ठरत आले आहे ना?

म्हणून मी आधी माहिती करून घेतली. हीटरचा गाभा म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेले कूलंट त्यातून फिरते, पंखा त्यावरून हवा फेकतो आणि ती गरम होऊन आत येते. कूलंट वर्षानुवर्षे बदलले नाही, किंवा नुसते नळाचे पाणी भरत राहिले, की तो आतून गंजतो, तुंबतो, गळतो. एसीचे पाणी बिनवासाचे आणि बिनरंगाचे असते. कूलंट रंगीत आणि चिकट असते. गाडीखाली थेंब नाही, तरी टाकीतली पातळी उतरते आहे आणि पायाखालचे मॅटिंग ओले आहे, तर संशय हीटरवर घ्यावा. दुर्लक्ष केले तर इंजिन तापून मोठा खर्च निघतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आणि सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे. ते चवीला गोड पण विषारी असते, मुले किंवा कुत्री तोंड लावू शकतात.

पुन्हा गॅरेजमध्ये गेले ते हे सगळे समजून घेऊन. या वेळी एकटीच. म्हटले, "नवा गाभा बसवा, जुना मला दाखवा, आणि डॅशबोर्ड बंद करण्याआधी इंजिन चालू करून गळती तपासू." मिस्त्रींनी मान डोलावली. मग त्यांनीच स्टूल दिले आणि एकेक स्क्रू काढताना समजावून सांगत गेले. त्या लहानशा भागापर्यंत पोचायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागला. बिलात भागाची किंमत थोडी आणि मजुरी जास्त होती. आमच्या समितीत कुणीतरी म्हणाले, घासाघीस करायची होती. मी केली नाही. बाईचे घरातले श्रम दिसत नाहीत म्हणून मोजले जात नाहीत, असे आपण इतकी वर्षे सांगतो आहोत. मग डॅशबोर्डमागचे दोन दिवसांचे श्रम आपण तरी कसे कापायचे?

"बायकांना यातले काय कळते" असे म्हणणाऱ्यांसाठी दोन नावे. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांनी १८९३ साली डब्यातल्या प्रवाशांना ऊब देणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी १९०३ साली, चालकाला आत बसूनच काच पुसता येईल अशा वायपरचे. अँडरसनबाईंना त्यातून पैसा मिळाला नाही.

काही जणी म्हणतील, एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना हीटरवर काय लिहिता? त्या रात्री घाटात आमच्या पाच जणांचा जीव त्याच धुरकट काचेवर अवलंबून होता. माझी सूचना साधी आहे. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राबरोबर अर्धा दिवस बॉनेट उघडून ठेवू या. मिस्त्रींना मानधन देऊन बोलावू. ते यायला तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे.