ग्रीन बिल्डिंगचा बोर्ड आणि गच्चीवरचा डबा

मे महिना लागला की लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, सगळीकडे एकच घाई: पावसाआधी वॉटरप्रूफिंग उरका! बरोबरच आहे. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर.

आता नव्या प्रकल्पांवर 'ग्रीन बिल्डिंग'चे बोर्ड दिसतात. त्यामागे हिशेबही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आयजीबीसी, लीड किंवा ग्रिहा मानांकनाच्या दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. (लोणावळा नगरपरिषद तेव्हा या नियमावलीतून वगळली होती, तळेगाव, वडगावला ती लागू झाली.) ही सवलत सरकार आपल्या नावाने देतं, म्हणून प्रश्न विचारायचा हक्कही आपला.

मानांकनात कमी व्हीओसीच्या रंगांना, गोंदांना, सीलंटना गुण असतात. व्हीओसी म्हणजे डबा उघडल्यावर हवेत उडणारी, डोकं धरायला लावणारी रसायनं. पण हे गुण मुख्यतः इमारतीच्या आत लागणाऱ्या मालाला. गच्चीवर बाहेरून मारलेला थर बहुतेकदा त्यात मोजलाच जात नाही. म्हणजे आत कमी वासाचा रंग, वर सॉल्व्हंटवालं कोटिंग, आणि बोर्ड तरीही ग्रीन!

तो थर मारणाऱ्या मजुराचं काय? गच्चीवर निदान वारा तरी असतो. पाण्याच्या टाकीत किंवा बंद बाथरूममध्ये सॉल्व्हंटचा माल लावणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे पाण्यात कालवायचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग मिळतं, मग सॉल्व्हंट हवाच कशाला?

ठेकेदार म्हणतात, "साहेब, बिनवासाचं टिकत नाही." यात थोडं तथ्य आहे. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक साचलेल्या पाण्यात मऊ पडतं, आणि दमट हवेत नीट वाळतही नाही. पण गच्चीला ढाळ न देणं आणि जूनच्या पहिल्या सरीत काम काढणं, हा दोष डब्याचा नाही. शिवाय दर दोन वर्षांनी उखडून पुन्हा करावं लागलं, तर कमी व्हीओसीचा मालही पर्यावरणाला महागच पडतो.

म्हणून माझं म्हणणं, सोसायटी असो की बंगला, वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या:

१. डब्यावरचा किंवा कंपनीच्या माहितीपत्रकातला व्हीओसीचा आकडा, ग्रॅम प्रति लिटरमध्ये. आत आणि बाहेर, दोन्ही मालाचा.
२. आधी ढाळ आणि पाण्याच्या वाटा, मग कोटिंग. शेवटी गच्चीत पाणी साठवून चाचणी.
३. काम मेच्या मध्यापर्यंत पूर्ण. मजुरांना हातमोजे आणि योग्य मास्क. उरलेला माल नाल्यात ओतायचा नाही. इंद्रायणी इथूनच, कुरवंड्याजवळून निघते.

जादा एफएसआय बिल्डरला आणि वास मजुराला, ही वाटणी मला तरी मान्य नाही. तुम्हाला?