सूट नोंदणीची, नावनिशीची नव्हे

ठाणे पूर्वेकडील कोपरीसारख्या दाट वस्तीत शेतीला जागा नाही; तथापि गच्चीवरील कुंडीत मिरची, वांगी लावता येतात, आणि मावा व पिठ्या ढेकूण यांना गाव व शहर हा भेद ठाऊक नसतो. अशा परसबागेसाठी निंबोळी अर्क घरीच करणे इष्ट होय. निंबोळीच्या बियांची ५० ग्रॅम भरड रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, एकूण एक लिटर द्रावण करावे व त्याच दिवशी सायंकाळी फवारावे.

या घरगुती अर्काला नोंदणी लागत नाही. केरळात १९५८ साली पॅराथिऑन या विषाचा संसर्ग झालेले पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम झाला. विक्रीच्या कीटकनाशकांना नोंदणी आवश्यक ठरली. १९७१ च्या नियमांनी वेष्टनावर विषारीपणाचे रंगीत चिन्ह आले. लाल सर्वांत घातक. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. मात्र घरगुती उपयोग, परसबाग व स्वतः कसत असलेली जमीन यांतील वापर ३८ व्या कलमाने मोकळा ठेवला.

ही सूट रास्त आहे. परंतु तिचा अर्थ निष्काळजीपणाची मुभा असा नव्हे. वनस्पतिजन्य ते सारे निरुपद्रवी, हा समज घातक आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटीन हे तीव्र विष होय. तो काढा सरबताच्या बाटलीत, नावाविना ठेवला, तर मुलांच्या जिवावर बेतेल. शिवाय ही सूट वापरणाऱ्यास आहे, विकणाऱ्यास नाही. केवळ ‘सेंद्रिय’ म्हणून विकली जाणारी, पण नोंदणी क्रमांक नसलेली कीडनाशकाची बाटली घेऊ नये.

अमेरिकेने १९९६ साली लवंग तेल, लसूण अशा काही सौम्य पदार्थांच्या कीडनाशकांना नोंदणीतून वगळले. परंतु प्रत्येक घटकाचे नाव व क्रियाशील घटकाचे प्रमाण लेबलावर छापण्याची अट ठेवली. आपल्याकडेही सौम्य औषधांच्या लहान उत्पादकांना सवलत द्यावयाची झाल्यास ती याच अटीवर द्यावी. खर्चिक नोंदणी माफ करता येईल. आत काय आहे हे जाणण्याचा ग्राहकाचा हक्क माफ करता येणार नाही.

कायद्याची वाट न पाहता प्रत्येक गृहिणीने व बागायतदाराने घरच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी: पदार्थ, प्रमाण, तयार केल्याची तारीख, आणि ठळक अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’. ही बाटली स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.