गोदामाचे भाडे कोण भरतो?

अमेरिकेत ज्याच्याजवळ हौसेची नौका आहे, अथवा सुटीत कुटुंबासह भटकण्यासाठी घेतलेले चाकांवरचे घर आहे, तो ती वस्तू वर्षातील बहुतेक महिने वापरीत नाही. घरापुढे ती ठेवण्यास जागा नसते, असली तरी अनेक वसाहतींचे नियम ती तेथे उभी करू देत नाहीत. म्हणून तो गावाबाहेरची कुंपण घातलेली जागा महिन्याच्या भाड्याने घेतो. अशा जागा पुरविणे हा तेथे भरभराटीचा धंदा होऊन बसला आहे. त्यातील पब्लिक स्टोरेज ही कंपनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली आणि आज तिची गणना शेअर बाजारातील बड्या कंपन्यांत होते. या व्यवहारात वावगे काही नाही. गरजेहून अधिक वस्तू ज्याच्याजवळ आहे, त्याने तिच्या विसाव्याची किंमत खुशाल मोजावी. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला आपली वर्षाची कमाई तीन-चार महिने कोरडी आणि सुरक्षित ठेवावयाची असते तेव्हा जागेचे भाडे कोणी भरावयाचे, हा प्रश्न त्या जातीचा नाही.

या प्रश्नाचे आजचे उत्तर असे की, भाडे तोच भरतो, आणि गोदामात एक पोतेही न ठेवता भरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन खळ्यावरून थेट खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूरच्या बाजारात येते. सगळ्यांचे एकाच पंधरवड्यात येते. घरात जागा नाही, कृषी केंद्राची उधारी उभी आहे, मजुरी द्यावयाची आहे, रब्बीचे बियाणे घ्यावयाचे आहे. भाव पडण्याची वेळ आणि त्याची विकण्याची वेळ एकच असते. पुढे चार महिन्यांनी भाव चढला तर तो चढ ज्याच्याजवळ छप्पर आणि भांडवल दोन्ही आहे त्याच्या पदरात पडतो. सुगीचा भाव आणि नंतरचा भाव यांतील जी तफावत लहान उत्पादकाच्या हातून जाते, ते त्याचे न दिसणारे गोदामभाडे होय. त्याची पावती कोणी देत नाही, आणि कोणत्याही सरकारी आकडेवारीत ते 'साठवणूक खर्च' म्हणून नोंदले जात नाही.

वऱ्हाडात साठवणूक हे नेहमीच सत्तेचे साधन राहिले आहे. ज्या वाड्यात ज्वारीचे पेव होते, त्या वाड्याचा शब्द गावात चालत असे. आषाढात पेव उघडायचे, कुळाला दाणे द्यायचे आणि सुगीला सवाईने अथवा दिढीने परत घ्यायचे, ही रीत जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. गरिबाच्या घरची कणगी माघ-फाल्गुनातच तळाला लागे. पेव मात्र दुष्काळाची वाट पाहू शकत असे. इंग्रजी अमलात पेवाची जागा कापसाच्या गंजीने घेतली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग उघडावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आडबाजूच्या एका तालुक्याच्या गावी साम्राज्याचा प्रमुख का यावा, याचे उत्तर त्या गावच्या कापसाच्या बाजारात होते. आगगाडी आली, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, परदेशी पेढ्यांचे अडते आले. शेतकऱ्यासाठी कोठार तेवढे आले नाही. १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराच्या आवाराला नियम लावले. वजनमाप आणि दलाली यांवर त्यामुळे काही अंकुश बसला, पण माल बाजारात केव्हा आणायचा हे ठरविण्याची ताकद त्या कायद्याने शेतकऱ्याला दिली नाही, आणि तो तशी देणारही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव ओळखली गेली होती, हे नमूद केले पाहिजे. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये पतपुरवठा, विक्री आणि गोदाम यांची एकत्र योजना मांडली. १९५६ मध्ये वखार महामंडळांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय व राज्य वखार महामंडळे उभी राहिली. त्या वेळी केंद्रात कृषिखाते वऱ्हाडच्याच डॉ. पंजाबराव देशमुखांकडे होते. कल्पना साधी होती: शेतकऱ्याने माल वखारीत ठेवावा, वखारीची पावती बँकेत दाखवून कर्ज घ्यावे, निकड भागवावी आणि भाव पाहून विकावे. सात दशकांनंतर वखारी पुष्कळ आहेत, त्यांच्या भाड्यात शेतकऱ्याला सवलतही आहे. तरी दोन-तीन एकरवाल्याचे पाऊल वखारीकडे सहसा वळत नाही. त्याला 'अडाणीपणा' म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा.

समजा, एकाजवळ वीस क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव क्विंटलला चार हजार आहे. ते त्याने तीन महिने ठेवले. पन्नास किलोची चाळीस पोती; पोत्यामागे महिना दहा रुपये भाडे धरले तर बाराशे रुपये होतात. गावातून गोदामापर्यंतची वाहतूक आणि दोन वेळची हमाली क्विंटलमागे पन्नास धरली तर एक हजार. दाण्यातील ओलावा बारा टक्क्यांवरून दहावर आला तर वजनात सुमारे चव्वेचाळीस किलोची घट येते, म्हणजे साडेसतराशेच्या वर रुपये. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्शाइतके, साठ हजारांचे कर्ज सहा टक्क्यांनी मिळाले तर तीन महिन्यांचे व्याज नऊशे. एकूण खर्च क्विंटलमागे सुमारे अडीचशे रुपयांच्या घरात जातो. भाव तितका चढला तरच तो बरोबरीवर येतो. आता तेच साठ हजार सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी घेतलेले असतील, तर व्याज नऊशेऐवजी चोपन्नशे होते आणि क्विंटलमागचा खर्च साडेचारशेच्या पलीकडे जातो. या हिशेबात गोदामाचे प्रत्यक्ष भाडे क्विंटलमागे केवळ साठ रुपये आहे. माणूस साठ रुपयांना भीत नाही. तो व्याजाला, वाहतुकीला आणि अनिश्चिततेला भितो. केवळ भाड्यात सवलत जाहीर करून सुटणारा हा प्रश्न नव्हे.

अनिश्चितता किती खरी आहे, हे मागील काही हंगामांनी दाखविले. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने काही बाजारांत दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ज्यांनी त्या हिवाळ्यात माल धरून ठेवला त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या वर भाव मिळाला. तो अनुभव जमेस धरून पुढल्या वर्षी अनेकांनी पाच-साडेपाच हजारांवर माल राखला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तो पाच हजारांच्या खाली विकला. कापसाची तीच गत झाली. त्या वर्षी वऱ्हाडात घरोघरी कापूस आढ्याला टेकला होता. माणसे ओसरीत निजत होती, आणि साठवलेल्या कापसातील किडींमुळे अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगाव होत्या. राहत्या घरातील एक खोली सहा महिने कापसाला द्यावयाची, हेही भाडेच. फक्त ते घरातील स्त्रिया आणि मुले भरतात. बुलढाण्यात २०२१ आणि २०२२ च्या हिवाळ्यांत सोयाबीन-कापूस उत्पादकांची जी आंदोलने पेटली, त्यांच्या मुळाशी हीच घुसमट होती. गोदाम शेतकऱ्याला वेळ देऊ शकते, परंतु सरकारचे आयातधोरण एका दिवसात त्या वेळेची किंमत शून्य करू शकते.

दुसऱ्या बाजूला शासन भाड्याची हमी कोणाला देते, हे पाहण्याजोगे आहे. भारतीय अन्न महामंडळासाठी गोदामे बांधणाऱ्या खाजगी उद्योजकांसाठी २००८ पासून हमी योजना आहे. तिच्यात बांधलेली जागा दहा वर्षे भाड्याने घेण्याची शाश्वती सरकार देते. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल येथे जी अवाढव्य धान्यकोठारे एका खाजगी समूहाने उभारली, त्यांच्या करारातही किमान वापराची हमी होती. म्हणजे गुंतवणूकदाराची जागा रिकामी राहिली तर तोटा जनतेचा, आणि शेतकऱ्याचा माल जागेवाचून पडत्या भावाने गेला तर तोटा त्याचा एकट्याचा. जोखीम सार्वजनिक करण्यास नियोजनकर्त्यांचा तात्त्विक विरोध असता तर तो दोन्हीकडे दिसला असता.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, आणि तत्त्वतः ती चांगली आहे. बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या मालावर किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते, साठवणुकीचे भाडे पडत नाही, व्यापाऱ्याचा माल स्वीकारला जात नाही. समाजवाद्यांनी या योजनेची टिंगल करू नये. तिच्या मर्यादा सांगाव्यात. पहिली मर्यादा सातबाऱ्याची. पीकपेऱ्याच्या नोंदीशिवाय तारण नाही, आणि बटाईने अथवा मक्त्याने कसणाऱ्याच्या नावावर नोंद नसते. घाम त्याचा आणि पावती जमीनमालकाची. नवऱ्याच्या नावावरच्या शेतात राबणारी स्त्रीही याच रांगेत बाहेर उभी आहे. दुसरी मर्यादा अंतराची. बाजार समितीचे गोदाम तालुक्याला असते, माल गावात असतो. तिसरी पतपुरवठ्याची. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा सहकारी बँकांवर ठेवी स्वीकारण्याची बंदी घातली, तेव्हा गावच्या सेवा सोसायटीचा कणाच मोडला. बंदी पुढे उठली, पण सोसायटीच्या दाराशी जाण्याची सवय एकदा मोडली की ती परिपत्रकाने परत येत नाही.

साठवणुकीला उत्तेजन म्हणजे साठेबाजीला उत्तेजन, असा आक्षेप शेतमजुरांच्या बाजूने घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. धान्य विकत घेऊन खाणाऱ्याला चढत्या भावाचा चटका बसतोच. तथापि माल कोणाच्या कुलपात आहे यावर साठवणुकीचा परिणाम अवलंबून असतो. दहा व्यापाऱ्यांच्या हाती साठा असेल तर ते बाजार कोरडा पाडू शकतात. दहा हजार लहान उत्पादकांच्या हाती असेल तर प्रत्येक जण आपापल्या निकडीप्रमाणे विकतो, माल वर्षभर झिरपत राहतो, सुगीचा भाव फार पडत नाही आणि आषाढाचा फार चढत नाही. डॉ. लोहियांच्या 'दाम बांधो' या भूमिकेत दोन सुगींमधील धान्याच्या भावातील फरकाला मर्यादा घालण्याची मागणी होती, ती उत्पादक आणि ग्राहक दोघांच्याही हिताची होती. त्या मागणीचे भौतिक साधन म्हणजे गावचे कोठार. घोषणा लक्षात राहिली, कोठाराचा विचार मात्र आपल्या चळवळीत मागे पडला.

सहकारी क्षेत्रातील धान्य साठवणुकीची मोठी योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा प्राथमिक सोसायट्यांच्या पथदर्शक गोदामांचे उद्घाटन झाले. त्यांत महाराष्ट्रातील एक गोदाम अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई येथील आहे. एका गावी झाले ते तेरा तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्यात मंडळनिहाय का होऊ नये, ही मागणी लावून धरली पाहिजे. तिच्यासोबत लहान उत्पादकाच्या पहिल्या वीस-पंचवीस क्विंटलना भाडेमाफी हवी, बटाईदाराला ग्रामसभेच्या दाखल्यावर तारण हवे, आणि सुगीच्या तोंडावर आयात खुली न करण्याचे बंधन सरकारवर हवे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार बराच काळ त्याच्या खाली होता, आणि हमीभावाची खरेदी अनेक ठिकाणी बारदाना नाही म्हणून थांबली. तागाच्या पोत्यासाठी खरेदी अडावी आणि तोवर शेतकऱ्याने माल उघड्यावर राखावा, हे नियोजन म्हणावयाचे तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

कार्यकर्त्यांना यासाठी मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही. आपापल्या बाजार समितीच्या गोदामात आज किती पोती उत्पादकांची आहेत आणि किती जागा व्यापाऱ्यांनी भाड्याने अडवली आहे, ही नोंद माहिती अधिकाराखाली मागता येते. तारण कर्जाची मागणी किती आली, किती नाकारली आणि कोणत्या कारणाने, हेही विचारता येते. पीककर्जाची परतफेड मार्चअखेर करावयाची असल्याने जानेवारी-फेब्रुवारीत आलेली तूर महिन्याभरात विकावी लागते. तारणात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर ती मुदत तीन महिने पुढे नेण्याचा ठराव प्रत्येक सेवा सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडता येण्याजोगा आहे.