मिक्सर आला, अर्थिंग कुठे आहे?

लग्नाच्या रुखवतात मिक्सर येतो, दिवाळीला विजेची शेगडी येते, थंडीत पाणी तापवायला हीटर येतो. गावच्या स्वयंपाकघरात ही उपकरणे आता चांगली रुळली आहेत. घरच्या बायकांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण अनेक घरांची वायरिंग मात्र एक बल्ब आणि एक पंखा होता तेव्हाचीच आहे. धोका आहे तो इथेच.

हिशेब साधा आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर करंट ओढते. दिव्या-पंख्याचा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. त्यावर शेगडी चालवली की पिन काळी पडते, वायर तापते, वरचे प्लास्टिक वितळते आणि ठिणगी पडते. शेजारी सरपण असेल तर आग लागायला कितीसा वेळ? अशा उपकरणाला १६ अँपिअरचा सॉकेट आणि मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे राखणदारालाच बांधून ठेवणे.

दुसरे असे की, फ्यूज किंवा एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. तो कित्येक अँपिअरला उडतो. माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. माणूस वाचतो तो अर्थिंगमुळे आणि आरसीसीबीमुळे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी तेवढा करंट जमिनीकडे गळू लागताच वीज तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

आणि आपण काय करतो? तीन पिनचा प्लग जुन्या बोर्डात बसत नाही, म्हणून अर्थिंगची पिनच मोडतो! मिक्सरला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर 'पायात चप्पल घाल' म्हणून सांगतो. अहो, झिणझिण्या हा इशारा आहे. मिक्सर तिथेच बंद करा, वायरमनला बोलवा. आग लागलीच तर आधी मेन स्विच बंद करा. चालू विजेवर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही सांगणे आहे. अंगणवाडी आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली अर्थिंग आधी तपासून घ्या. पुढच्या ग्रामसभेत परवानाधारक वायरमनला बोलवून लोकांना चार गोष्टी समजावून द्या. भिंती ओल्या झाल्या की धोका वाढतो; तेव्हा हे काम पावसाळ्याआधीच उरकलेले बरे.