थांबा, पण नंबर काढून

'पाच वर्षांचा झाला की आणा, मग बघू.' जन्मतःच पापणी खाली आलेल्या बाळाच्या आईवडिलांना आपल्यापैकी अनेक जण एवढेच सांगून परत पाठवतात. शस्त्रक्रियेपुरता हा सल्ला बहुधा बरोबर असतो. बाहुली उघडी असेल तर ३-४ वर्षे थांबायला हरकत नाही. तोवर मूल मापे घेऊ देते आणि मांडीतली फॅशिया लाटाही पुरेशी लांब मिळते. पण दृष्टी तोवर वाट बघत बसत नाही. बाहुली उघडी असूनही अस्टिग्मॅटिझम आणि दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक डोळा आळशी करतात. म्हणून पहिल्याच भेटीत अ‍ॅट्रोपिन घालून नंबर काढावा, गरजेप्रमाणे चष्मा आणि पट्टी द्यावी, मूल पुन्हा पुन्हा बोलवावे. बाहुली झाकलीच असेल तर मात्र वर्षाच्या आतही सिलिकॉन रॉडची स्लिंग घालावी लागते. तिथे वयाचे कारण चालत नाही.

पापणी किती खाली आहे हे सगळेच मोजतात. ती उचलणारा लेव्हेटर किती चालतो, हे मोजायचा कंटाळा होतो. अंगठ्याने भुवई दाबून धरायची, खेळणे खालून वर न्यायचे आणि पापणी किती सरकली ते फुटपट्टीवर वाचायचे. अंगठा जरा सैल पडला की कपाळाचा स्नायू मदतीला येतो आणि ३ मिलिमीटरचे ६ दिसतात. त्या खोट्या ६ वर विसंबून रिसेक्शन केले की पापणी होती तिथेच. हालचाल ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर स्लिंगचाच विचार करावा. मुलाला काहीतरी चघळायलाही द्यावे. मार्कस गन यांनी १८८३ साली वर्णन केलेली, जबड्याबरोबर उडणारी पापणी आढळली तर सगळा बेतच बदलतो. आणि बेल्स फिनॉमिनन पाहिल्याशिवाय टेबलावर घेऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर मूल डोळा किंचित उघडा ठेवून झोपते. आजी म्हणते, 'ऑपरेशन बिघडलं.' हे आधी सांगितले तर माहिती, नंतर सांगितले तर सबब. रात्रीचे मलम कशासाठी, तेही तेव्हाच सांगावे.

तालुक्याच्या ठिकाणच्या वाचकांना एक विनंती. ही शस्त्रक्रिया तुमच्याकडे होत नसेल, पण रेटिनोस्कोप तर आहे. पुढे पाठवताना चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा नंबर आणि लेव्हेटरचे माप तारखेसह लिहा.