भूत खोटं, घंटा खरी

परवा इंग्लंडहून भाच्याचा मेल आला. सुट्टीत सगळे कॉर्नवॉलला गेले होते आणि एक रात्र ‘जमैका इन’ नावाच्या जुन्या मुक्कामाच्या जागी राहिले. सोबत फोटो आणि खाली एक ओळ : "मावशी, इथे भुतं आहेत म्हणतात. आम्हाला एकही भेटलं नाही. पैसे फुकट!"

मी हसले खरी, पण फोटो दोन-तीनदा पाहिले. ही जागा १७५० सालची. आगगाडी यायच्या आधी लोक घोडागाडीने लांबचा प्रवास करत. ठरावीक टप्प्यावर घोडे बदलायचे, उतारूंनी जेवायचं, झोपायचं. त्यासाठी रस्त्याकाठी अशा जागा असत. भोवती ओसाड माळ आणि धुकं, त्यात चोरटा माल लपवण्याच्या कहाण्या. भुतांना आणखी काय हवं? डॅफ्ने द्यु मॉरिए या लेखिकेने १९३६ साली याच नावाची कादंबरी लिहिली आणि जागा जगभर गाजली.

मला आवडलं ते वेगळंच. तिथे चोरट्या व्यापाराचं संग्रहालयही आहे. म्हणजे भूत बघायला आलेला माणूस जाताना थोडा इतिहास घेऊन जातो.

आपल्याकडे अशा जागा म्हणजे डाक बंगले. त्यांच्याही भुताच्या गोष्टी होत्याच. आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची १८८८ साली पुस्तकात आलेली एक गोष्ट आहे. डाक बंगल्यात रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्ड खेळल्याचा आवाज येतो. खोली तर एवढीशी, टेबल मावणारच नाही! सकाळी खानसामा सांगतो की पूर्वी इथे रेल्वे बांधणारे साहेब राहत आणि तेव्हा इथे बिलियर्डची खोली होती. झालं, भूत पक्कं! मग कळतं, आवाज छतात पळणाऱ्या उंदराचा आणि वाऱ्याने हलणाऱ्या खिडकीचा. भूत खोटं निघालं, पण खानसाम्याने सांगितलेली जुनी हकीकत? ती खोटी ठरत नाही.

किपलिंगने निदान आवाजाचा शोध तरी घेतला. मी काय केलं ते आज कबूल करते.

आमच्या उमेळ्याहून वसईचा किल्ला फार लांब नाही. शाळेत असताना मी वर्गाला तिथे सहलीला नेत असे. चाळीस-पन्नास मुलं आणि आम्ही दोघी बाई. आत झाडी, कठडा नसलेल्या विहिरी, साप-किरडू. मुलं पांगली की माझा जीव खालीवर. एका वर्षी मी ठोकून दिलं, "दुपार कलली की त्या मोडक्या चर्चमध्ये आपोआप घंटा वाजते. ती ज्याला ऐकू येते तो घरी जात नाही." वर्ग एकदम रांगेत! उपाय लागू पडला म्हणून पुढची कितीतरी वर्षं मी तोच वापरला.

मध्यंतरी एका लग्नात तेव्हाचा एक विद्यार्थी भेटला. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या घंटेमुळे मी अजून किल्ल्यात गेलो नाही. माझा पोरगाही मोबाईलवर तिथल्या भुतांचेच व्हिडिओ बघतो." तो हसत होता. मला मात्र घास गिळवेना.

कारण घंटा खरी होती, मंडळी! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशेच्या वर वर्षं त्यांनी इथे राज्य केलं, चर्च बांधली, मठ बांधले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावून किल्ला जिंकला. दोन्हीकडची माणसं पडली, पण शरण आलेल्यांना चीजवस्तू घेऊन जाऊ दिलं. त्या मोहिमेतल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवांना वाहिल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. निवृत्तीनंतर भीमाशंकरला गेले तेव्हा मी ती पाहिली. वर क्रूस आहे. आमच्या वसईची घंटा, सह्याद्रीच्या धुक्यात, महादेवासमोर! माझ्या खोट्या घंटेपेक्षा ही गोष्ट शंभरपट अद्भुत होती. ती मी माझ्या मुलांना कधीच सांगितली नाही.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठ्यांचं राज्य हातातून निसटायला लागलं. तेही परीक्षेत एका गुणापुरतंच शिकवलं गेलं.

कुणी म्हणेल, भुताच्या गोष्टी बंदच करा, अंधश्रद्धा आहे. मला तसं वाटत नाही. अंगावर काटा आला की मूल कान टवकारतं, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. फक्त तिथे थांबू नये. आवाज आला म्हणता? मग कसला, कुठून, तिथे पूर्वी कोण राहत होतं, ते पुढे विचारावं. भुताला नाव नसतं, गाव नसतं. त्या तटावर मेलेल्यांना दोन्ही होतं. आणि विहीर खोल असेल तर "विहीर खोल आहे" एवढं सांगणं पुरे होतं. मला तेवढं सुचलं नाही.

असो. त्या विद्यार्थ्याला फोन करून सांगितलंय, पाऊस संपला की पोराला घेऊन ये, मी येते बरोबर. गुडघे कुरकुरतात, पण बंदर दरवाज्यापर्यंत जाईन म्हणते. घंटेची गोष्ट या वेळी पुरती सांगायची आहे.

तुमच्या गावातही असेल की एखादा पडका वाडा, धर्मशाळा नाहीतर डाक बंगला. त्याचं भूत जरूर लिहा. सोबत तो कुणी बांधला, तेही लिहा.